‘चांगलं काय आलंय?’

संगीताचा इतिहास लिहिताना गायक येतात, संगीतकार येतात, कंपन्या येतात. सिनेमाच्या इतिहासात दिग्दर्शक आणि नट येतात. पण ज्याला रागांची नावं ठाऊक नाहीत, जो वर्षाकाठी चार पिक्चर पाहतो आणि सणासुदीला एखादी कॅसेट घेतो, त्याच्यापर्यंत हे सगळं पोचवलं कुणी, हे फारसं कुणी लिहीत नाही. मिरजेत स्टेशन रोडवरच्या काकांच्या दुकानात कॅसेटच्या काउंटरमागे माझी उमेदीची वर्षं गेली. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारायचं, ‘चांगलं काय आलंय?’ या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांची मोठी परंपरा आपल्याकडे आहे आणि ती लिहून ठेवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे तबकडीवरचं ध्वनिमुद्रण आलं 1902 साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गोहरजानचा आवाज मुद्रित केला. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापून बोटीने परत येत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. रात्रभर मैफल ऐकणाऱ्या माणसाला एवढ्याशा गाण्यासाठी पैसे मोजायला लावायचे, तर त्याला आधी ते ऐकवावं लागे. म्हणून दुकानदार रस्त्याच्या बाजूला कर्णा करून रेकॉर्ड लावत. पुढे चहाच्या हॉटेलांत, लग्नाच्या मांडवात आणि गणपतीत स्पीकरवाला हेच काम करू लागला. कोणती रेकॉर्ड आधी लावायची, कोणती दोनदा लावायची, हे तो ठरवायचा आणि दहा दिवसांत ते गाणं गल्लीतल्या पोरांच्या तोंडी बसायचं.

रस्त्यावर वाजणाऱ्या रेकॉर्डची ताकद केवढी, याचं सर्वांत मोठं उदाहरण भीमसेन जोशींचं. गदगच्या या मुलाने दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी ऐकली आणि तसं गाणं शिकायचं म्हणून 1933 साली घर सोडलं, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. खाँसाहेब आमच्या मिरजेत स्थायिक झालेले. 1937 साली ते वारले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. तिथे दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. ती रेकॉर्ड लावणारा दुकानदार कोण होता, त्याचं नाव कुठेच नाही. पण त्याने त्या दिवशी ती तबकडी निवडली, हे काम लहान नव्हतं.

सिनेमाला तर पहिल्या दिवसापासून असा माणूस लागला. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पण गावोगावच्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा-सहा तास नाटक पाहायची सवय. त्याने तासा-दीड तासाच्या मुक्या चित्रासाठी जास्त पैसे का द्यावेत? दादासाहेब फाळक्यांनी सुरतेत जाहिरात केली, ती या प्रश्नाचं उत्तर होती: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि तिकीट फक्त तीन आणे. प्रेक्षकाला सिनेमा ठाऊक नव्हता, पण फोटो ठाऊक होता, मैल ठाऊक होता आणि आणाही ठाऊक होता. ओळखीच्या मापांनी फाळक्यांनी त्याला अनोळखी वस्तूपर्यंत आणून सोडलं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं ज्यांनी ज्यांनी लोकांना गाणी आणि सिनेमे सुचवले, त्यांच्यापैकी जे टिकले ते याच रीतीने टिकले, असं माझं ठाम मत आहे.

टांग्याला दोन्ही बाजूंनी पोस्टर लावून ताशा वाजवत फिरणारा जाहिरातवाला, हँडबिलं, थिएटरच्या दारात मिळणारी गाण्यांची पुस्तकं ही त्या परंपरेची पुढची माणसं आणि साधनं. त्या पुस्तकात कथानक अर्धंच छापलेलं असे. पुढे काय होतं ते पडद्यावर पाहा, असं सांगून ते संपे. 1935 साली बाबूराव पटेलांनी मुंबईत ‘फिल्मइंडिया’ मासिक काढलं आणि वाचकांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरं द्यायला सुरुवात केली. त्यांची भाषा झणझणीत असे. पण कोणता पिक्चर पाहावा आणि कोणता टाळावा, हे वाचक एका माणसाला विचारतो आणि तो नाव लावून उत्तर देतो, ही पद्धत त्यांनी रुजवली. मराठीत इसाक मुजावरांसारख्या लेखकांनी सिनेमाचा इतिहास साध्या वाचकाच्या हाती दिला. जुन्या पिक्चरविषयी कुणी विचारलं की काका त्यांच्याच लेखातलं सांगायचे.

मग रेडिओ आला आणि इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण या कामाचे दोन धडे तिथे एकाच वर्षी मिळतात. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम करणारा हा माणूस. लोकांच्या कानावर चांगलं पडावं, ही त्यांची इच्छा खरी होती आणि आकाशवाणीने शास्त्रीय कलावंतांना दिलेला आधार मोलाचा होता. पण त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास नाहीसं झालं. ज्याच्या कानाला सिनेमातल्या गाण्याची सवय होती, त्याला एकदम ख्यालापाशी नेऊन उभं केलं. त्याने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं.

सिलोनवर 3 डिसेंबर 1952 रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज, बुधवारची संध्याकाळ. पहिल्या कार्यक्रमाला फार तर पन्नासेक पत्रं येतील असं वाटलं होतं, आली नऊ हजार, असं सयानी स्वतः सांगत. आधी सात गाणी कशीही लागत. पुढे क्रम लागू लागला, पायऱ्या आल्या, वर्षाचं सरताज गीत आलं. हा क्रम लागायचा कसा? रेकॉर्डच्या दुकानांतून विक्रीचे आकडे जात, गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं जात. म्हणजे दुकानात काय खपलं हे गीतमाला विचारायची आणि गीतमालेत काय लागलं हे बघून गिऱ्हाईक दुकानात यायचं. सयानी नुसतं गाणं लावत नसत. संगीतकार कोण, गीतकार कोण, हे गाणं मागच्या आठवड्यात कुठे होतं, हे भावा-बहिणींशी बोलावं तसं सांगत. साध्या ऐकणाऱ्याला गीतकारांची नावं पाठ झाली ती त्यांच्यामुळे. 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली, यातच सगळं आलं.

पण आकाशवाणीवरच, पुणे केंद्रावर, 1 एप्रिल 1955 रोजी रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं होतं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक गीत, एकूण छप्पन्न. चाली रागांवर बांधलेल्या, पण कथा प्रत्येक घराला माहीत असलेली. भूप म्हणजे काय हे न कळणाऱ्या माणसाने असे राग वर्षभर ऐकले आणि गुणगुणले. केसकरांना जे हवं होतं, तेच इथे घडलं. फरक एवढाच की सुरुवात ऐकणारा उभा होता तिथून झाली.

हीच गोष्ट एका लाँगप्लेची. ग. ना. जोशी हे नाव मराठी माणसाला भावगीताचे आद्य गायक म्हणून माहीत आहे. नागपूरकडचा हा वकील पुढे एचएमव्हीत रेकॉर्डिंगचं काम बघू लागला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. यातले पहिले तिघे तेव्हा तरुण. संतूर आणि गिटार तर शास्त्रीय मैफलीत नवखीच. जोशींनी काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस कल्पिला. पहाटे अहिरभैरव, मग नटभैरव, दुपारी पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. राग ओळखता न येणाऱ्यालाही सकाळ-संध्याकाळ ओळखता येते, हे त्यांनी हेरलं. ‘आम्हाला शास्त्रीय कळत नाही हो’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाती मी हीच कॅसेट ठेवायचो. लोक परत यायचे आणि ‘त्या बासरीवाल्याचं अजून काही आहे का’ असं विचारायचे. ग. ना. जोशींना मी या धंद्यातले गुरू मानतो.

आता आमच्या काउंटरकडे येतो. मिरज हे विलक्षण गाव आहे. त्या काळी स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ होते. मुंबई-पुण्याकडून येणारा माणूस कर्नाटकात जायला इथे गाडी बदलायचा आणि पंढरीचा वारकरी छोट्या गाडीत बसायचा. डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या मिशन हॉस्पिटलमुळे गाव दवाखान्यांचं झालेलं. बेळगाव, विजापूर, गोकाककडून पेशंट यायचे. त्यामुळे काउंटरवर अर्धं बोलणं कानडीत. कानडी सिनेमातल्या राजकुमारची गाणी, पुरंदरदासांची पदं आणि अभंग हे शेजारी शेजारी ठेवावे लागायचे. भीमसेनजींची अभंगवाणी मराठी वारकरी न्यायचा आणि त्यांचीच दासवाणी कानडी अण्णा न्यायचे. एकदा एकाला दुसऱ्याची चार मिनिटं ऐकवली की तो दोन्ही घेऊन जायचा.

काका मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांनी मला शिकवलं की आधी नाव सांगायचं नाही, आधी विचारायचं. कुणासाठी पाहिजे? वाजणार कुठे? आणि घरात सगळ्यात जास्त वेळा लावली जाणारी कॅसेट कोणती? ट्रकवाले मामा आले तर इंजिनाच्या आवाजावर उठणारी ढोलकी हवी. हळव्या गझला तिथे ऐकूच येत नाहीत. स्वयंपाकघरात वाजणार असेल तर शब्द स्पष्ट हवेत, कारण वहिनींचा अर्धा कान कुकरकडे असतो. दवाखान्यातल्या पेशंटसाठी नेणार असतील तर आजार विचारायचा. पोटाचं ऑपरेशन असेल तर पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन टाके सुकल्यावर. हाड मोडून पायाला वजन बांधून दीड महिना पडलेल्याला मात्र पु. लं.सारखं औषध नाही. म्हाताऱ्या माणसाला विरक्तीची भजनं द्यायची नाहीत, त्यांच्या तरुणपणची गाणी द्यायची.

कॅसेटमुळे हा धंदा एकदम पसरला. रेकॉर्ड प्लेअर मोजक्या घरांत होता. टू-इन-वन आखातातून येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात होता. गुलशन कुमारांच्या टी-सिरीजने ऐंशीच्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त केली की ती किराणा दुकानात आणि पानपट्टीवर मिळू लागली. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं, असे आवाज कॅसेटवर आले. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं, तमाशाचे वग, गावच्या देवाच्या आरत्या हे सगळं तेव्हा घराघरांत गेलं. 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीआधीच्या आठवड्यात भीमगीतांची मागणी अशी असायची की सिनेमाच्या कॅसेट मागच्या फळीवर जायच्या. 1990 साली ‘आशिकी’ आली तेव्हा तिची शिफारस करावी लागली नाही. रस्त्यावरून चालणाऱ्याला ती आधीच पाठ होती. आमचं काम ‘आशिकी’ नेणाऱ्याला पुढच्या वेळी काय द्यायचं, हे ठरवण्याचं होतं.

त्याच काळात एक जबाबदारीही आली. मूळ रेकॉर्ड आधी निघालेली असली की नोटीस आणि रॉयल्टी देऊन तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घ्यायला कायद्यात वाट होती. रफी, मुकेश, लताबाईंची गाणी नव्या आवाजांत भराभर निघाली. कव्हरवर मूळ गायकाचं नाव मोठं आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याचं बारीक. चष्मा न आणलेल्या माणसाला ते दिसायचं नाही. ‘मूळ आवाज नाही हा, चालेल का?’ असं विचारल्याशिवाय ती कॅसेट पिशवीत टाकायची नाही, हा काकांचा नियम. शिफारस करणाऱ्याचं भांडवल म्हणजे त्याच्यावरचा विश्वास. बाकी माल कंपनीचा असतो.

गावोगावच्या दुकानांत कॅसेट भरून देण्याचीही पद्धत होती. कायद्याला ती मान्य नव्हती आणि 1984 च्या दुरुस्तीने चोरट्या रेकॉर्डिंगच्या शिक्षा वाढवल्या. तरी निवडून गाणी लावण्याची कला त्या पद्धतीतूनच घडली, हेही इतिहासात नोंदवलं पाहिजे. साठची कोरी कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. जुनी गाणी तबकडीच्या मापाची, त्यामुळे एका बाजूला नऊ बसायची. नवी मोठी, सहाच मावायची. नव्वदची कॅसेट जाणते टाळायचे, कारण तिची फीत पातळ, डेकमध्ये अडकायची. ए साइडला सगळी ओळखीची गाणी आणि बी साइडला तिसरं किंवा चौथं एक अनोळखी, ही त्यातली खुबी. पहिलं अनोळखी ठेवलं तर माणूस कॅसेट काढतो. ओळखीच्या दोन गाण्यांच्या मधे ठेवलं तर ऐकतो आणि महिन्याने तेच गुणगुणतो.

1982 च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आले, तेव्हा पिक्चरच्या बाबतीत तीच गोष्ट झाली. शनिवारी व्हीसीआर भाड्याने न्यायचा आणि रात्रभरात तीन पिक्चर पाहायचे, अशी रीत पडली. तीनांतले दोन पिक्चर लोक स्वतः ठरवून यायचे; तिसरा आम्हाला विचारायचे. तो तिसरा पिक्चर ही व्हिडिओ लायब्ररीवाल्याची खरी कसोटी. अमिताभच्या दोन पिक्चरांनंतर रात्री दोन वाजता जागं ठेवील असं काय? ‘गोलमाल’ बघितलेल्याला ‘अंगूर’ द्यायचा, ‘अंगूर’ आवडला तर ‘जाने भी दो यारों’. 1983 चा हा पिक्चर थिएटरात फारसा चालला नव्हता. त्याला माणसं मिळाली ती अशा घरांतून आणि पुढे टीव्हीवरून. वहिनी आणि मुली बघणार असतील तर 1982 चा ‘उंबरठा’. तो पाहून कॅसेट परत द्यायला आलेल्या बायका काउंटरवर थांबून बोलायच्या, इतर कुठल्याच पिक्चरवर एवढं बोलणं झालं नाही.

मुंबईत दादरला 1968 पासून प्रभात चित्र मंडळाने जगातले उत्तम सिनेमे दाखवून जाणकार प्रेक्षक घडवला, त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तिथे सभासद होणारा आधीच ओढ घेऊन जात होता. आमच्याकडे येणाऱ्याला वाट पाहणाऱ्या गाडीची घाई असायची. त्या दोन मिनिटांत त्याला काय हवं ते ओळखायचं, हे काम वेगळं आणि तितक्याच तोलामोलाचं.

एमपीथ्रीच्या सीडी आल्या, शंभर-दीडशे गाणी एकाच चकतीवर, आणि निवडण्याची गरज संपल्यासारखी वाटू लागली. मुंबईत काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस 1948 पासून चाललेलं. तिथे ऐकून घ्यायच्या खोल्या होत्या, विचारलं तर सांगणारे विक्रेते होते. 2016 साली तेही बंद झालं. आमचं काउंटर त्याच्या कितीतरी आधी मोबाइल रिचार्जचं झालं होतं.

तरी गरज संपली नव्हती. 2017 साली सारेगामाने ‘कारवाँ’ काढला. जुन्या रेडिओसारखा दिसणारा डबा, आत निवडून ठेवलेली पाच हजार गाणी, गायकांप्रमाणे लावलेली आणि सोबत अमीन सयानींची गीतमाला. फोनवर लाखो गाणी फुकट ऐकता येत असताना लोकांनी पैसे देऊन तो घेतला. कारण कुणीतरी निवडून द्यावं, ही माणसाची मागणी आहे. आज ॲप ती निवड करतं आणि पुष्कळदा बरी करतं. पण आपण काल ऐकलं त्याच्यासारखंच ते आज पुढे ठेवतं. गाणं कुणासाठी हवंय, दवाखान्यात की ट्रकमध्ये, हे ते विचारत नाही.

अधूनमधून ऐकणारा, अधूनमधून पाहणारा हा दुय्यम रसिक नाही. गीतमालेला पत्रं त्याने लिहिली, ‘गीतरामायण’ त्याने घराघरांत नेलं, थिएटरं त्याच्या तिकिटांवर चालली. जाणकार मैफलीला उंची देतात. पण धंदा, कलावंतांचं पोट आणि गाण्याचं आयुष्य या माणसाच्या खिशातून चाललं आहे. म्हणून त्याला नीट उत्तर देणं हे सन्मानाचं काम आहे.

दुकानं आता फारशी उरली नाहीत, म्हणून हे काम तुमच्याकडे आलं आहे. भाची, शेजारी, ऑफिसातला नवा मुलगा कधीतरी तुम्हाला विचारील की काय ऐकू, काय पाहू. त्याला पन्नास नावांची यादी पाठवू नका. आपली जाण दाखवण्यासाठी अवघड काही त्याच्या गळ्यात मारू नका. आधी विचारा, तुला सध्या काय आवडतं? मग त्याच्या शेजारचं, एकच पाऊल पुढचं, एकच नाव सांगा. आणि आठ दिवसांनी आठवणीने विचारा, कसं वाटलं?